खाडीवरची विंच आणि मुका डबा

११ जानेवारी, रविवार

वीज कंपनीत असताना एकतीस वर्षं रोज नोंदवही लिहिली. कुठल्या सबस्टेशनचा कुठला रिले तपासला, काय सापडलं, कोणी काय चूक केली. त्यात माझ्या चुका कमी आणि दुसऱ्यांच्या जास्त. हे मी गर्वाने नाही, नोंदीप्रमाणे सांगते. निवृत्त झाल्यापासून लिहिण्याजोगं काही घडलंच नव्हतं. आता घडणार आहे, कारण मी ते घडवणार आहे.

बोटी दोराने रुळांवरून वर ओढणाऱ्या आमच्या खाडीवरच्या विंचचं डिझेल इंजिन गेलं. गेलं म्हणजे गेलंच, ब्लॉकला वीतभर भेग. आणि कौन्सिलचं पत्र आलंय: २७ मार्चला तपासणी. त्या दिवशी विंचने पूर्ण भार ओढून दाखवला तर ठीक, नाहीतर रूळ उखडणार आणि बोटी वर ओढायची स्लिप कायमची बंद.

बाकीच्यांच्या होड्या ट्रेलरवर मावतात. अडणार ते फक्त माझ्या शेजाऱ्याचं, टिओनेचं. त्याची मासेमारीची बोट 'पारेरा' अकरा टनांची. स्लिप गेली की पारेरा ब्लफच्या बंदरात जाणार, आणि बोट जिथे तिथे टिओने. तिथे त्याची मुलगी अनाहेरा तीन वर्षं त्याच्यामागे लागलीय, ये म्हणून.

संध्याकाळी कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "जाऊ दे गं मोराग. साठी उलटली माझी. ब्लफला पोरगी आहे, नातवंडं आहेत, पक्का धक्का आहे. इथे काय आहे?"

"म्हणजे काय? समुद्रात कॉड मासा आहे, क्रेफिश आहे, चौदा वर्षं राहतोयस ते घर आहे."

"आणखी?"

मी विचार केला. "मोबाइलची रेंजही आता बरी आहे."

"बरं," म्हणाला आणि गेला. माणूस चांगला आहे, पण कधीकधी उगीच फाटे फोडतो.

इन्व्हरकार्गिलच्या भंगारवाल्याकडे मागून ठोकलेली एक जपानी विजेची गाडी पडलीय. मोटर पुढे असते, ती शाबूत. ऐंशी किलोवॅट. पारेराला वर ओढायला त्याचा दहावा हिस्साही लागणार नाही. ठरलं.


१७ जानेवारी, शनिवार

गाडी आली. मागची डिकी मागच्या सीटवर येऊन बसलीय, पण किल्ली फिरवली की दिवे लागतात. पुढून नवरी, मागून भुताटकी.

टिओनेला इन्व्हर्टर दाखवला. मोटरच्या डोक्यावर बसलेला चांदीच्या रंगाचा डबा.

"हा कशाला? बॅटरी आहे, मोटर आहे, जोडून टाक."

"बॅटरीतला प्रवाह एकाच दिशेने वाहतो. मोटरला तो तीन वाटांनी लागतो, आळीपाळीने, उलटसुलट. हे वाटप हा डबा करतो, सेकंदाला हजारो वेळा."

"म्हणजे माझी आजी," टिओने म्हणाला. "एका टोपातलं बारा जणांना वाढायची. कोणाची ओरड नाही."

अगदी तेच. फक्त ही आजी गाडीच्या कॉम्प्युटरशिवाय दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. किती जोर लाव, कधी थांब, हे सगळे निरोप तारेवरून येतात. ते कसे लिहिलेले असतात हे बनवणाऱ्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. मला ते चोरून ऐकायचे आहेत, शिकायचे आहेत आणि मग कॉम्प्युटर बाजूला काढून मीच डब्याला हुकूम देणार. जगभर माझ्यासारखे वेडे हे करतात आणि एकमेकांना सांगतात. या मॉडेलचं मात्र अजून कोणी पूर्ण केलेलं नाही. बरंच झालं.

डब्याचं नाव ग्रॅहम ठेवलं. माझ्या माजी नवऱ्यावरून. तोही त्याला हव्या त्याच शब्दांत विचारलं तरच बोलायचा, आणि शेवटी गोल्ड कोस्टला गेला तेव्हा तेवढंही बोलला नाही.


२५ जानेवारी, रविवार

दिवसभर काम. गाडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं हवेत. टिओने आत बसून पेडल दाबणार, मी बाहेर लॅपटॉपवर निरोप वाचणार.

"दाब."

"दाबलं."

"अर्धं दाब."

"मगाचं अर्धंच होतं."

"मग अर्ध्याचं अर्धं दाब! सोड. आता दाब. अरे हळू!"

"मोराग, मी तीन मुलं वाढवली, एक बोट चालवली, एका बायकोला शेवटपर्यंत सांभाळलं. इतक्या सूचना मला आयुष्यात कोणी दिल्या नाहीत."

"म्हणूनच पेडल नीट दाबता येत नाही तुला."

तो मोठ्याने हसला. त्याच्या हसण्याने गाडी ठोकळ्यांवर हलली, मी ओरडले.

पण मिळालं! सेकंदाला शंभर वेळा एक निरोप जातो. आठ आकडे. तिसरा आणि चौथा मिळून जोर. पेडलबरोबर वाढतात, पेडलबरोबर उतरतात. सातवा नुसता मोजत असतो, शून्य, एक, दोन, तीन, पुन्हा शून्य, म्हणजे मधला एखादा निरोप गळला तर डब्याला कळावं. आठवा काय आहे ते माहीत नाही. वेड्यासारखा उड्या मारतो. तो ताळा असणार. आपण शाळेत गणित सोडवून ताळा घ्यायचो तसा: आधीच्या सात आकड्यांवरून काढलेला, निरोप वाटेत बिघडला नाही हे पटवणारा. ताळा चुकला की डबा निरोप फेकून देतो.

दोन दिवसांत सुटेल.


३ फेब्रुवारी, मंगळवार

सुटला नाही. टिओनेने पुन्हा कॉड आणला. फ्रीझरमध्ये आता बर्फाला जागा नाही. या माणसाला विकायला गिऱ्हाईक मिळत नाही की काय?


८ फेब्रुवारी, रविवार

बेरीज करून पाहिली. बेरजेची उलटी करून पाहिली. बिट-बिट जोडून पाहिलं. प्रत्येक वेळी पहिले दोन निरोप जमतात आणि तिसऱ्याला ग्रॅहम तोंड फिरवतो. आज पहिल्यांदा वाटलं, मोराग टुलक, तुझ्या डोक्याला गंज चढला असेल तर? चौदा दिवस वाया गेले असतील तर? रिले ओळखीचे होते, त्यांच्यात असं लपवलेलं काही नसायचं.

हे कोणाला बोलणार नाही. टिओनेला तर नाहीच. तो उगीच सांत्वन करत बसेल.


१४ फेब्रुवारी, शनिवार

सुटला! सुटला! सुटला!

बेरजेचा ताळा नव्हेच, भागाकाराचा आहे. सगळ्या आकड्यांची एक लांबलचक संख्या धरायची, एका ठरावीक आकड्याने भागायचं आणि उरलेली बाकी आठव्या जागी ठेवायची. तो ठरावीक आकडा कोणता, हा प्रश्न. पण असे आकडे असून असून किती असणार? दोनशे छप्पन. मग बुद्धी कशाला खर्च करा? लॅपटॉपला सांगितलं, ओळीने सगळे लावून पाहा. एकशे तेहतिसावा लागला. पकडून ठेवलेले चाळीस हजार निरोप तपासले, चाळीस हजारांचा ताळा जुळला. एकही चूक नाही. गंज म्हणे! अजून धार आहे.

टिओने आला तेव्हा मी अंगणात नाचत होते. त्याने आज क्रेफिश आणला, आणि शिवाय परसातली डेलियाची फुलं, वर्तमानपत्रात गुंडाळून.

"काय रे, कोणी वारलं का?"

"नाही. आज तारीख..." म्हणाला आणि थांबला.

"तारीख चौदा. तपासणीला एक्केचाळीस दिवस राहिलेत, मला माहीत आहे. ये, तुला भागाकार दाखवते."

बिचाऱ्याने तासभर भागाकार पाहिला. क्रेफिश लोण्यात परतला, उत्तम झाला. फुलं बादलीत ठेवलीत.


२२ फेब्रुवारी, रविवार

गाडीतून सगळं बाहेर काढून बाकावर मांडलं. आज गाडीच्या कॉम्प्युटरशिवाय मोटर फिरली. माझ्या हुकुमाने. आधी हळू, मग जोरात, मग उलटी. टिओनेने टोपी काढून मोटरला नमस्कार केला.

एक अडचण होती, तीही निस्तरली. डब्याच्या पोटात मोठा कपॅसिटर आहे, म्हणजे विजेचा हौद. मेन स्विच एकदम टाकला तर साडेतीनशे व्होल्ट त्यात धबधब्यासारखे कोसळतात आणि स्विचच्या चिंधड्या होतात. म्हणून आधी हौद हळू भरायचा, मग मेन. गाडीतली ही सोय मागून बसलेल्या धडकेत चेपली. मग माझ्या आईची चिनी मातीची जुनी विजेची किटली काढली, तिच्या कॉइलमधून प्रवाह सोडला. कॉइल जोराला आवर घालते, किटलीतलं पाणी कॉइलला गार ठेवतं. पाच सेकंदांत हौद भरतो. किटलीचा स्विच टिओनेकडे, मेन माझ्याकडे. मी ओरडते, "पाणी ठेव!" तो स्विच टाकतो, मी पाचपर्यंत मोजते आणि मेन टाकते.

"हौद भरला की लागणारा एखादा दिवा बसव ना," टिओने म्हणाला. "मला बघून कळेल."

"दिवा कशाला? मी आहे ना."


४ मार्च, बुधवार

सगळं उचलून स्लिपवरच्या विंचच्या शेडमध्ये बसवलं. जुन्या विंचचा गिअर आणि नवी मोटर यांची सोयरीक जमवायला तीन दिवस गेले. खाडीतले सगळे बघून गेले आणि प्रत्येकाने एकेक सल्ला दिला. एकही घेतला नाही.

दुपारी टिओनेच्या दारात एक चकचकीत गाडी उभी होती. कोट घातलेली एक बाई त्याच्या घराचे फोटो काढत होती. रस्ता चुकली असेल. टिओने तिकडून शेडमध्ये परत आला तो गप्प गप्पच. म्हटलं, पाठ दुखतेय का? म्हणाला, हो, तसंच काहीसं. मलम दिलं.


११ मार्च, बुधवार

लिहायला नको वाटतंय, पण नोंद ती नोंद.

आज पहिल्यांदा दोराला भार लावून चालवायचं होतं. मी मेनपाशी, विंचकडे तोंड. टिओने मागे. मी ओरडले, "पाणी ठेव!" पाच मोजले. मेन टाकला.

असा आवाज बारा वर्षांची असताना खाणीत सुरुंग उडाला तेव्हा ऐकला होता. निळा लोळ. फ्यूजच्या ठिकऱ्या, मेन स्विचची टोकं वितळून एकमेकांना चिकटलेली, शेडभर जळका वास. मी भिंतीला जाऊन आदळले. कोपर सोलवटलं, बाकी धड आहे.

मागे वळले तर टिओने शेडच्या दारात, हातात दुसरी किटली. चहाची. नळावर भरायला निघालेला.

तीन वाजले होते. तीन वाजता आम्ही चहा घेतो. मी म्हटलं पाणी ठेव, तो चहाचं पाणी ठेवायला गेला, आणि हौद रिकामाच राहिला.

आणि मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. शेवटचं लिहिते. म्हटलं, "तुझ्या हातात सुरी शोभते, स्विच नाही! तुझ्यासाठी मरते आहे मी इथे आणि तू चहा करतोस! जा, जा तू ब्लफला!"

त्याने किटली खाली ठेवली. माझं कोपर बघायला पुढे आला, मी हात झिडकारला. मग तो गेला.

सोळा दिवस राहिलेत आणि मला एका कोळ्याबरोबर काम करावं लागतंय!


१२ मार्च, गुरुवार

टिओने आला नाही. मासेही नाहीत.


१५ मार्च, रविवार

ग्रॅहमचं पोट उघडून आतले सहाही स्विच मल्टिमीटरने तपासले. सगळे शाबूत! फ्यूजने मरून डब्याला वाचवलं. टिमारूच्या एका हौशी गड्याने त्याच्याकडचा मेन स्विच कुरिअरने पाठवतो म्हटलंय. म्हणजे काम होणार. माझ्या कामाची मला कधीच शंका नव्हती.

तरी शेडमध्ये करमत नाही. कोणाला "दाब" म्हणायला नाही, "सोड" म्हणायला नाही. तीन वाजता चहा केला, सवयीने दोन कप.


१६ मार्च, सोमवार

अनाहेराचा फोन आला. मी म्हटलं, काय गं, कशी आहेस? तर एकदम रडायलाच लागली.

"आँटी, तुम्ही पापाला काय बोललात?"

"का? काय म्हणाला तो?"

"काहीच म्हणत नाही, म्हणून तर विचारते! घर विकलं त्याने. क्वीन्सटाउनची माणसं महिन्याच्या सुरुवातीला भाव देऊन गेली होती, तेव्हा म्हणाला, थांबा, अजून माझं ठरत नाहीये. आणि गुरुवारी मला न विचारता सही करून मोकळा! एप्रिलअखेर घर खाली करायचंय."

"पण तुलाच तर तो तिकडे हवा होता."

"हवा होता. पण असा नको होता. आल्या आल्या खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघणारा पापा मला नकोय. आँटी, तो इथे येतो तेव्हा तीन दिवस फक्त तुमच्याबद्दल बोलतो. मोराग असं म्हणाली, मोरागने तसं केलं. माझी मुलं तुमची नक्कल करतात."

गुरुवार. म्हणजे मी जा ब्लफला म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.

माझी नक्कल करतात? कशी करत असतील?

झोप येईना तेव्हा हे लिहितेय. मला लाज वाटतेय. हा शब्द मी या वहीत कधी लिहिला नव्हता.


१७ मार्च, मंगळवार

सकाळी फ्रीझरमधला त्याचाच कॉड काढला, बटाटे घालून भाजला आणि ताट घेऊन त्याच्याकडे गेले. घरात खोकी. भांडी अर्धी आत, अर्धी बाहेर.

"चूक माझी होती," मी दारातच म्हटलं. आत जाऊन म्हणेन असं ठरवलं असतं तर कधीच म्हटलं नसतं.

"पुन्हा म्हण."

"माजू नकोस. ऐक. कंपनीत एक नियम होता. स्विचचा हुकूम ज्याने ऐकला त्याने तो शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायचा, देणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं, मगच हात लावायचा. त्या नियमाने माणसं जिवंत राहिली. एकतीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नाही. आणि तुझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून पाळलाच नाही. शिवाय व्होल्टमीटर माझ्या नाकासमोर होता, तोही बघितला नाही."

"का?"

"काय का?"

"नियम का नाही पाळलास?"

मी कधी विचारच केला नव्हता. "मला वाटलं, तुला मी न सांगताच कळते."

त्याने ताटातला माशाचा तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाला, "कळतेस की. तीच तर पंचाईत आहे."

"म्हणजे?"

"काही नाही. मासे छान झालेत."

त्याचा अर्थ मला लागला नाही, पण त्याने दोनदा वाढून घेतलं. मी विचारलं, सही परत घेता येत नाही का? म्हणाला, शब्द दिला तो दिला, त्या लोकांची काय चूक? मग म्हणाला, "विंच पुरी कर तू. मी नसलो तरी पारेरा एकदा तुझ्या मोटरने वर आलेली बघायचीय मला."

"तू नसशील तर ती बोट इथे येणार कशाला?"

"तेच," म्हणाला.

घरी आल्यावर मला रडू आलं. का ते नीट सांगता येणार नाही. विंच तर होणारच आहे.


२१ मार्च, शनिवार

टिमारूचा स्विच बसला. हौद भरल्याचा दिवा बसवला, हिरवा, आणि तो लागल्याशिवाय मेन हलणारच नाही अशी कडीही केली. हे आधीच करायला हवं होतं. टिओने शेजारी उभा राहून त्या दिव्याकडे बघत गालात हसत होता.

आता प्रत्येक हुकूम परत म्हणायचा.

"किटलीचा स्विच टाक."

"किटलीचा स्विच टाकतो. चहाचा नव्हे."

"बरोबर. 'चहाचा नव्हे' म्हणायची गरज नाही."

"'चहाचा नव्हे' म्हणायची गरज नाही, मास्तरीणबाई."

"टिओने!"

दोन टनांचा दगड वर ओढला, लोण्यातून सुरी फिरावी तसा. माझी मोटर! आम्ही शेडमध्ये हात धरून नाचलो. त्याने हात सोडला नाही, तेव्हा मी म्हटलं, सोड, ब्रेक तपासायचाय.


२७ मार्च, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

तपासणीला कौन्सिलच्या मिसेस हॅस्केल आल्या. उंच, हातात कागद अडकवलेली पाटी, चेहऱ्यावर हसू नाही. अख्खी खाडी काठावर जमलेली. पारेरा भरतीबरोबर रुळांवरच्या चाकांच्या गाड्यावर येऊन बसली, टिओनेने दोर अडकवला आणि शेडमध्ये माझ्याजवळ आला.

हिरवा दिवा. मेन. ग्रॅहमने पहिला निरोप घेतला आणि पारेरा पाण्यातून निघाली. अकरा टन! पाणी गळतंय, खालचं शेवाळ दिसतंय, आणि आवाज म्हणाल तर शिलाई मशीनएवढा. काठावरून शिट्ट्या आल्या.

निम्म्यात आल्यावर गाड्याचं चाक रुळांच्या सांध्यात अडकलं, सुटलं, दोराला हिसका बसला आणि ग्रॅहम गप्प झाला. एकदम मुका. ब्रेक कडकन् बसला आणि पारेरा उतारावर लटकत राहिली. मिसेस हॅस्केलनी पाटीवर काहीतरी लिहिलं. 

मला भीती वाटली का? अर्धा सेकंद वाटली. मग लक्षात आलं, डबा घाबरलाय, मेलेला नाही. अचानक एवढा जोर आला तर तो थांबतोच, तसाच बनवलाय. त्याला झोपवून पुन्हा उठवायचं, बस.

"मेन काढते. किटलीचा स्विच बंद कर, दहा मोज, परत टाक."

"किटलीचा स्विच बंद करतो, दहा मोजतो, परत टाकतो," टिओने म्हणाला. त्याचा आवाज इतका शांत होता की माझाही झाला.

"बरोबर."

हिरवा दिवा. मेन. जोराचा आकडा एकदम न देता हळूहळू चढवला, ब्रेक सोडला आणि पारेरा सरकली. थेट वरपर्यंत. मग मिसेस हॅस्केलनी निम्म्यावर आणून लाल बटण दाबलं, वीज तोडली. ब्रेकने दहा मिनिटं धरून ठेवलं, बोटभरही घसरली नाही. खाली सोडताना मोटर उलटी वीज करून बॅटरी भरते हे मीटरवर दाखवलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "बोट उतरवून वीज कमावता?"

"निसर्गाने ओढायचं ठरवलंच आहे, तर फुकट का ओढू द्या?" मी म्हटलं.

"विंच पास," त्या म्हणाल्या.

बाहेर जो गलका झाला तो अजून कानात आहे.

मग त्यांनी फॉर्म काढला. "चालकांची नावं. दोघं लागतात, आज ज्यांनी चालवली तेच. आणि दोघंही खाडीत राहणारे हवेत. अपरात्री बोट आली तर ब्लफहून कोणी येईपर्यंत थांबता येत नाही."

मी माझं नाव, पत्ता लिहिला. सात, बीच रोड. पेन टिओनेकडे दिलं आणि तेव्हा मला आठवलं. घर. एप्रिल. याच्याकडे लिहायला पत्ताच नाही. विंच चालली, सगळं जमलं, आणि या एका ओळीवर सगळं अडलं. 

त्याने नाव लिहिलं. पत्त्याच्या ओळीवर पेन टेकवून थांबला. मिसेस हॅस्केल वाट बघत होत्या. मी काही बोलायला तोंड उघडलं, पण शब्दच सुचेना. मला! शब्द सुचेना!

मग मान वर न करता त्याने विचारलं, "मोराग, तुझ्या घराचा नंबर काय गं?"

चौदा वर्षं हा माणूस रोज माझ्या दाराशी येतो. नंबर त्याला पाठ आहे. मी म्हणणार होते, डोकं फिरलं का तुझं? आणि तोंड उघडता उघडता सगळं कळलं. सगळं, पहिल्यापासून. मासे, फुलं, ते पेडल, त्याचं "आणखी?" कळून मी तिथे उभ्या उभ्या लाल झाले, त्रेसष्टाव्या वर्षी, कौन्सिलच्या बाईसमोर.

"सात," मी म्हटलं.

त्याने लिहिलं. सात, बीच रोड.

मिसेस हॅस्केलनी दोन्ही ओळी वाचल्या. "दोघांचा पत्ता एकच?"

टिओनेने माझ्याकडे पाहिलं. इतकं घाबरलेलं मी त्याला वादळातही पाहिलं नव्हतं.

"एकच," मी म्हटलं.

"कधीपासून? इथे रकाना आहे."

"आजची तारीख घाला," मी म्हटलं, आणि त्यांनी घातली.